मोजमापाचे साहस : किशोरांसाठीच्या अवकाशकथेतील गणिताचे स्थान

बालकुमार वाङ्मयाची चर्चा करताना विज्ञानप्रधान साहसकथेचा उल्लेख बहुधा एकाच वाक्यात आटोपला जातो. ‘अशा कथांमुळे मुलांमध्ये विज्ञानाची आवड निर्माण होते’ हे ते वाक्य होय. विधान सर्वमान्य असल्यामुळे त्याची तपासणी सहसा होत नाही. ही आवड कथेतील नेमक्या कोणत्या घटकामुळे निर्माण होते, हा प्रश्न त्यामुळे बाजूला राहतो. कथेत आलेली शास्त्रीय माहिती, अद्भुताचे आकर्षण, नायकाचे धाडस आणि यांहून वेगळे असे काही, यांपैकी कोणत्या घटकाला हे श्रेय द्यावे याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी झ्यूल व्हर्नच्या (मराठी वाचकांना तो ज्यूल्स व्हर्न या नावाने परिचित आहे) तीन आणि रॉबर्ट हाइनलाइनच्या एका कादंबरीचा आधार घेतला असून, अखेरीस त्या अनुषंगाने मराठी परंपरेकडे वळावयाचे आहे.

प्रतिपादन थोडक्यात असे : साहसकथेतील शास्त्रीय माहिती किशोर वाचक पुढे विसरूनही जातो. परंतु ज्या कथेत मोजमाप हीच कथानकातील निर्णायक कृती असते, एखादी संख्या बरोबर की चूक यावर पात्रांचे जगणे-मरणे अवलंबून असते, ती कथा वाचकाला विज्ञानाच्या पद्धतीत सहभागी करून घेते. त्यामुळे अशा कथेतील गणित हा रसभंग करणारा परिच्छेद नसून साहसाचाच एक भाग असतो. अनुवादकाने व संक्षेपकाराने नेमका तोच भाग वगळला, तर कथेची घटनावली शिल्लक राहते, पण तिचे विशेष सामर्थ्य नाहीसे होते.

१. चंद्राकडे जाणारा गोळा

व्हर्नची ‘पृथ्वीवरून चंद्राकडे’ ही कादंबरी १८६५ मध्ये आणि तिचा उत्तरार्ध असलेली ‘चंद्राभोवती’ १८७० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. व्हर्नचा प्रकाशक एत्झेल याने १८६४ पासून मुलांसाठी ‘शिक्षण आणि मनोरंजन’ या दोन्ही हेतूंना वाहिलेले नियतकालिक चालविले होते. तथापि चंद्रविषयक कादंबऱ्या क्रमशः प्रसिद्ध झाल्या त्या एका राजकीय दैनिकातून, हे लक्षात ठेवले पाहिजे. म्हणजे ज्या कृतींना आपण आज निःशंकपणे किशोर वाङ्मय मानतो, त्या मूलतः प्रौढ वाचकासमोर आल्या होत्या. त्यांतील हिशेब मुलांसाठी सोपे करून मांडलेले नाहीत, याचे एक कारण हेही असावे.

अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यामुळे तोफांना काम उरलेले नाही, अशा अवस्थेत बाल्टिमोरमधील तोफविद्येच्या क्लबचा अध्यक्ष बार्बिकेन चंद्रावर गोळा डागण्याची योजना मांडतो. त्यासाठी फ्लोरिडामध्ये जमिनीतच नऊशे फूट लांबीची तोफ ओतली जाते. गोळा ॲल्युमिनियमचा आहे आणि त्याला सेकंदाला बारा हजार यार्ड, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर वेग द्यावयाचा आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील मुक्तिवेग सेकंदाला ११.२ किलोमीटर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे व्हर्नने हा आकडा किती काळजीपूर्वक निवडला होता ते स्पष्ट होते. मिशेल आर्दां हा फ्रेंच साहसी मनुष्य गोळ्यात बसून जाण्याचा हट्ट धरतो. त्याचे आडनाव व्हर्नचा मित्र, छायाचित्रकार नादार याच्या नावातील अक्षरे उलटसुलट करून घेतले आहे. आर्दां, बार्बिकेन आणि त्याचा प्रतिस्पर्धी निकोल असे तिघे अखेर निघतात.

उत्तरार्धातील ‘थोडेसे बीजगणित’ हे प्रकरण आपल्या विवेचनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. गोळा सुटला आहे, तिघे सुखरूप आहेत. अशा वेळी बार्बिकेन एक सूत्र मांडून वातावरणाबाहेर पडताना गोळ्याचा वेग किती असावयास हवा होता ते काढतो. उत्तर येते सेकंदाला ११,०५१ मीटर. परंतु वातावरणाच्या घर्षणात वेगाचा एक तृतीयांश भाग खर्ची पडतो, असे त्यांचे गृहीत आहे. तेव्हा आरंभीचा वेग याच्या दीडपट, म्हणजे १६,५७६ मीटर हवा होता. वेधशाळेने तर ११,००० मीटर पुरेसे आहेत असे कळविले होते आणि तोफ त्याच हिशेबाने ओतलेली होती. याचा अर्थ, गोळा चंद्रापर्यंत पोहोचणार नाही. तो परत पृथ्वीवर कोसळणार आहे.

या प्रसंगाची रचना पाहण्यासारखी आहे. बाहेर वादळ नाही, शत्रू नाही, यंत्रात बिघाड नाही. कागदावरच्या एका उत्तराने तिघांच्या डोक्यावर मृत्यू उभा केला आहे. त्याचे निवारणही मोजणीनेच होते. खिडकीतून दिसणाऱ्या पृथ्वीगोलाचा कोनीय विस्तार मोजला जातो आणि त्यावरून काढलेले अंतर सांगते की, अपुऱ्या वेगाने जेथे गोळा थांबला असता ती मर्यादा केव्हाच मागे पडली आहे. अनुमानाने दिलेली भीती निरीक्षणाने दूर केली. विज्ञानाच्या व्यवहारातील सिद्धान्त आणि पडताळा यांचा संबंध येथे घटनेच्या रूपाने आला आहे. आर्दांला बीजगणित येत नाही, ही योजनाही अर्थपूर्ण आहे. तो वाचकाच्या वतीने प्रश्न विचारतो आणि ज्याला सूत्र कळत नाही त्यालाही त्या सूत्राचा परिणाम भोगावा लागतो, याची जाणीव करून देतो.

२. फलदायी चूक

व्हर्नच्या कथेत चुका आहेत आणि त्या लहान नाहीत. नऊशे फूट म्हणजे सुमारे २७४ मीटर. एवढ्या अंतरात शून्यापासून सेकंदाला ११,००० मीटर वेग गाठावयाचा, तर वेगाच्या वर्गाला दुप्पट अंतराने भागून येणारे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे साडेबावीस हजार पट होते. पाण्याच्या गादीची योजना केली असली, तरी त्या धक्क्यात माणूस वाचणे अशक्य आहे. परंतु ही चूक शोधण्यासाठी लागणारे दोन्ही आकडे, तोफेची लांबी आणि गोळ्याचा वेग, कादंबरीनेच पुरविलेले आहेत. शालेय गणित येणारा वाचक लेखकाला त्याच्याच आकड्यांनी खोडून काढू शकतो.

दुसरी चूक याहून उद्बोधक आहे. प्रवासात ‘सॅटेलाइट’ नावाचा कुत्रा दगावतो आणि त्याचे शव बाहेर टाकले जाते. पुढे ते शव गोळ्याच्या सोबतीनेच प्रवास करीत असल्याचे खिडकीतून दिसते. हे वर्णन भौतिकीच्या दृष्टीने योग्य आहे, कारण दोन्ही वस्तू एकाच गुरुत्वाकर्षणाखाली सारख्याच गतीने जात आहेत. परंतु याच न्यायाने आतील प्रवासीही तळावर टेकून राहता कामा नयेत. तेही तरंगावयास हवेत. व्हर्न मात्र पृथ्वी आणि चंद्र यांची ओढ समसमान होते त्या बिंदूपाशीच त्यांना वजनरहित करतो. बाहेरचा कुत्रा आणि आतील माणसे यांना वेगवेगळे नियम लागू झाले आहेत. ही विसंगती ज्या वाचकाच्या लक्षात येते, त्याला मुक्त पतनाची कल्पना कळण्यास फारसा वेळ लागत नाही.

चुकीच्या या फलदायित्वाला चरित्रांचा आधार आहे. हेर्मान ओबेर्थ याने वयाच्या सुमारे अकराव्या वर्षी या चंद्रकथा वाचल्या, पुनःपुन्हा वाचल्या. तोफेचा मार्ग प्राणघातक आहे हे त्याला हिशेबाने कळले. वेग एकदम न देता हळूहळू वाढवीत नेणारे साधन हवे, या विचारातून तो अग्निबाणाकडे वळला. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रहान्तराळातील अग्निबाणावरील ग्रंथ या शास्त्राच्या पायाभूत ग्रंथांपैकी एक मानला जातो. रशियातील त्सिओल्कोव्स्की यानेही आपल्या विचारांचे पहिले बीज व्हर्नच्या वाचनात असल्याचे मान्य केले आहे. त्याचा अग्निबाणविषयक मूलगामी लेख १९०३ चा आहे. त्याने स्वतः अवकाशविषयक कथाही लिहिल्या, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकाने विसरू नये.

येथे एक आक्षेप संभवतो. अमेरिकेतील रॉबर्ट गॉडर्ड याला प्रेरणा मिळाली ती व्हर्नपेक्षा एच. जी. वेल्सच्या मंगळवासीयांच्या स्वारीवरील कादंबरीपासून. ती त्याने १८९८ मध्ये वाचली आणि १९ ऑक्टोबर १८९९ रोजी चेरीच्या झाडावर चढलेला असताना मंगळाकडे जाणाऱ्या यानाची कल्पना त्याच्या मनात आली. हा दिवस त्याने आयुष्यभर जपला. १६ मार्च १९२६ रोजी द्रव इंधनावरील पहिला अग्निबाण त्यानेच उडविला. वेल्सच्या त्या कादंबरीत हिशेबाला फारसे स्थान नाही. मग गणिताचे महत्त्व सांगण्यात काय अर्थ?

या आक्षेपात तथ्य आहे आणि तो स्वीकारूनच पुढे जावे लागेल. ओढ निर्माण करण्यास निखळ अद्भुत पुरेसे असते. परंतु ओढ आणि समस्या या दोन भिन्न गोष्टी आहेत. वेल्सने गॉडर्डला ओढ लावली, समस्या त्याची त्याला शोधावी लागली. व्हर्नने ओबेर्थला ओढीबरोबरच सोडविण्याजोगे एक उदाहरणही दिले. असाधारण बुद्धीच्या वाचकाला पहिली गोष्ट पुरते. सर्वसामान्य किशोराच्या दृष्टीने दुसरीचे मोल अधिक आहे. तसेच, अशा चरित्रांतून कथा हे शास्त्रज्ञ होण्याचे एकमेव कारण ठरत नाही. ती कथा वाचून शास्त्रज्ञ न झालेल्यांची संख्या अगणित आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला म्हणता येते ते इतकेच की, कृतीच्या रचनेत अशा प्रतिसादाला वाव ठेवलेला आहे.

३. नाण्यांचा मीटर

१८७७ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘हेक्टर सर्व्हादाक’ ही व्हर्नची तुलनेने दुर्लक्षित कादंबरी आहे. एक धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि भूमध्य समुद्राच्या परिसरातील काही भूभाग, पाणी, हवा व माणसे यांच्यासह निघून जातो. मूळ कल्पना शास्त्रीय कसोटीवर टिकणारी नाही. पण तिच्यातील एक प्रसंग मोजमापाच्या दृष्टीने अनन्यसाधारण आहे.

आपण ज्या गोलावर आहोत त्याचे वस्तुमान किती, हे प्राध्यापक रोझेत याला काढावयाचे आहे. त्यासाठी विश्वासार्ह मीटर आणि किलोग्रॅम हवे. ते नाहीत. उपाय सापडतो तो खिशातील फ्रेंच नाण्यांत. पाच फ्रँकच्या नाण्याचा व्यास ३७ मिलिमीटर, दोन फ्रँकचा २७ आणि पन्नास सेंटिमचा १८. पहिली दहा, दुसरी दहा आणि तिसरी वीस नाणी एका रेषेत चिकटवून मांडली की ३७०, २७० आणि ३६० मिळून बरोबर एक हजार मिलिमीटर होतात. पाच फ्रँकचे नाणे २५ ग्रॅमचे, तेव्हा अशी चाळीस नाणी म्हणजे एक किलोग्रॅम. मीटर मिळाल्यावर त्यावरून दशांश मीटर बाजूचा घन मापून धूमकेतूच्या द्रव्याची घनता काढावयाची आणि नाण्यांचे वजन करून तेथील गुरुत्व ठरवावयाचे, अशी ही योजना आहे.

वजन मात्र तानकाट्यावरच करावे लागते. साध्या तराजूत दोन्ही पारड्यांतील वस्तूंवर गुरुत्वाचा परिणाम सारखाच होत असल्याने कोणत्याही गोलावर तो एकच उत्तर देईल. स्प्रिंगच्या ताणावर चालणारा काटाच वजनातील फरक दाखवील. वस्तुमान आणि वजन यांतील भेद शाळेत व्याख्येने शिकविला जातो. येथे तो उपकरणाच्या निवडीतून कळतो. पुढे कळते की तानकाट्यात मालकाने लबाडी केली होती. त्यामुळे सर्व हिशेब नव्याने मांडावे लागतात. उपकरण तपासल्याशिवाय निष्कर्षावर विसंबू नये, हा प्रयोगविद्येचा पहिला धडा कथानकाला मिळालेल्या कलाटणीतून आला आहे.

याच ठिकाणी या कादंबरीचा गंभीर दोषही नमूद केला पाहिजे. तानकाट्याचा लबाड मालक हा ज्यू व्यापारी असून त्याचे चित्रण तत्कालीन युरोपीय ज्यूद्वेषाच्या साच्यातून उतरले आहे. पदार्थांच्या मोजमापात इतका काटेकोर असलेला लेखक माणसांच्या बाबतीत तयार साचे न तपासता वापरतो. किशोरांच्या हाती ही कथा देताना संपादकाने वगळावयाचे किंवा भाष्य करावयाचे ते याविषयी. नाण्यांचा हिशेब वगळण्यासारखा नाही.

४. अवकाशपोशाख आणि प्लूटो

विसाव्या शतकाच्या मध्यावर हाइनलाइनने ही परंपरा पुढे नेली. १९४७ ते १९५८ या काळात त्याने एका अमेरिकन प्रकाशनसंस्थेसाठी किशोरांच्या बारा कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतील शेवटची, अवकाशपोशाखावरून नाव घेतलेली १९५८ ची कादंबरी येथे विचारात घेऊ. किप हा लहान गावातील शाळकरी मुलगा साबणाच्या जाहिरातस्पर्धेत चंद्रावरची सफर जिंकू पाहतो आणि त्याच्या वाट्याला येतो तो एक वापरलेला अवकाशपोशाख. उन्हाळाभर खपून तो पोशाख दुरुस्त करतो. हवेच्या टाक्या, सांधे, झडपा यांचे तपशील कथेच्या पूर्वार्धात संथपणे येतात. त्यांचे प्रयोजन पुढे उलगडते. चंद्राच्या पृष्ठभागावर चालत असताना हवा संपू लागते, सोबतच्या मुलीच्या टाकीची जोडणी वेगळ्या प्रकारची निघते, आणि जीव वाचतो तो टाक्यांची रचना हातांना ठाऊक असल्यामुळे.

प्लूटोकडे नेले जात असता किप त्या प्रवासाला किती दिवस लागतील याचा हिशेब करतो. अर्ध्या वाटेपर्यंत वेग सतत वाढवावयाचा आणि उरलेल्या वाटेत तितक्याच प्रमाणात घटवावयाचा, तर लागणारा काळ अंतराला त्वरणाने भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाच्या दुप्पट असतो. अंतर साडेचार अब्ज किलोमीटर धरले आणि त्वरण पृथ्वीवरील गुरुत्वाइतके ठेवले, तर सुमारे सोळा दिवस लागतात. आठपट त्वरणाने साडेपाच. सोळाचे साडेपाच झाले, दोन झाले नाहीत, कारण काळ वर्गमुळाने घटतो. २००६ मध्ये प्लूटोची गणना बटुग्रहांत झाली असली, तरी या हिशेबाला त्यामुळे बाधा येत नाही. बंदिवान झालेल्या मुलाला परिस्थितीवर कसलाच ताबा नसताना हिशेब तेवढा त्याच्या हाती उरतो. त्याच्या धैर्याचे ते रूप आहे.

व्हर्नच्या गोळ्यात स्त्रीला स्थान नव्हते. किपची सोबतीण पीवी ही अकरा वर्षांची मुलगी त्याच्याहून अधिक तल्लख आहे. कथाप्रकाराची ही वाटचाल नोंदविण्याजोगी आहे.

५. मराठी परंपरा आणि अनुवादाचा प्रश्न

मराठीत व्हर्नचा प्रवेश विसाव्या शतकाच्या आरंभीच झाला. ‘केरळ कोकिळ’ मासिकातून त्याची चंद्रकथा ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने आली. पुढे ‘बालमित्र’ मासिक चालविणारे आणि ‘फास्टर फेणे’चे जनक भा. रा. भागवत यांनी व्हर्नला मराठी किशोरांच्या घरात नेले. ‘चंद्रावर स्वारी’ आणि ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही त्यांची नावेच अभ्यासाला विषय पुरवितात. ‘स्वारी’ हा शब्द मराठी मुलाला इतिहासाच्या पुस्तकातून आणि बखरींच्या वळणातून ओळखीचा आहे. चंद्र त्यामुळे मोहिमेचे ठिकाण होतो. दुसरे नाव अधिक मार्मिक आहे. ‘शेंडेनक्षत्र’ हा लोकभाषेतील शब्द अरिष्टसूचक भयाने भारलेला आहे. त्याच्या आधी ‘मुक्काम’ हा पत्रव्यवहारातील, प्रवासातील घरगुती शब्द ठेवल्याबरोबर भयाची वस्तू पत्ता सांगण्याजोगी जागा बनते. अद्भुताला मोजता येण्याजोग्या जगात आणण्याचे जे काम व्हर्न आकड्यांनी करतो, ते भागवतांनी नाव देतानाच शब्दाने केले आहे.

अनुवादात आकड्यांचे काय होते, हा प्रश्न किती गंभीर आहे याचे उदाहरण इंग्रजीत सापडते. व्हर्नच्या सागरतळाच्या प्रवासावरील कादंबरीचे मर्सियर याने केलेले इंग्रजी भाषांतर १८७२-७३ चे. त्यात मूळ मजकुराचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा गाळला गेला आणि वगळलेल्यांत शास्त्रीय भाग मोठा होता. जो उरला त्यातही पाणबुडीच्या पोलादाची घनता पाण्याच्या ७.८ पट असल्याचे मूळ विधान ‘०.७ ते ०.८’ असे छापले गेले. म्हणजे पोलाद पाण्यावर तरंगू लागले. अशा भाषांतरांमुळे इंग्रजी वाचकांत व्हर्नची ख्याती विज्ञानात कच्चा लेखक अशी झाली. १९६५ मध्ये वॉल्टर जेम्स मिलर याने हा प्रकार उघडकीस आणला. दशांशचिन्हाची एक जागा लेखकाची प्रतिमा पालटू शकते. इंग्रजीच्या द्वारे येणाऱ्या कोणत्याही भारतीय अनुवादाच्या बाबतीत, कोणती प्रत समोर ठेवली होती हा प्रश्न म्हणूनच पहिला ठरतो.

स्वतंत्र मराठी निर्मितीत जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांचे स्थान मध्यवर्ती आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविलेल्या ‘कृष्णविवर’ने त्यांच्या विज्ञानकथालेखनाचा आरंभ झाला. त्यांची ‘धूमकेतू’ ही कथा प्रस्तुत विषयाला थेट भिडते. ती एन. सी. ई. आर. टी.ने आठवीच्या इंग्रजी पूरक वाचनाच्या पुस्तकातही समाविष्ट केली होती. बंगाली हौशी आकाशनिरीक्षकाला नवा धूमकेतू दिसतो. तो पृथ्वीवर आदळणार असे गणित सांगते, आणि शास्त्रज्ञ गुप्तपणे योजना आखून त्याला मार्गावरून ढळवितात. इकडे घरी शांतियज्ञ केलेला असतो. संकट टळल्याचे श्रेय यज्ञाला मिळते.

व्हर्नच्या कथेत प्रश्न ‘उत्तर बरोबर आहे का’ हा होता. नारळीकर त्यापुढचा प्रश्न विचारतात : परिणाम एकच असताना त्याचे कारण कोणते मानावयाचे? गणिताने संकट टळते, पण टळलेले संकट दिसत नाही, म्हणून गणिताची बाजू समाजात लंगडी पडते. हा प्रश्न ज्या समाजात मुले वाढत आहेत त्या समाजातून उचललेला आहे आणि म्हणून ही कथा अनुकरणात्मक ठरत नाही. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाच्या ‘डार्ट’ यानाने डायमॉर्फस या लघुग्रहाच्या उपग्रहावर आदळून त्याचा परिभ्रमणकाळ सुमारे अर्ध्या तासाने घटविला. कथेतील अण्वस्त्रांच्या साधनापेक्षा हा मार्ग वेगळा असला, तरी खगोलीय वस्तूची कक्षा माणसाला बदलता येते, ही कल्पना त्यामुळे प्रत्यक्षात उतरली आहे.

६. समारोप

वरील विवेचनावरून विज्ञानप्रधान किशोरकथेच्या मूल्यमापनासाठी तीन निकष सुचविता येतात. कथेतील मोजमाप काढून टाकल्यास कथानक अडते काय, हा पहिला. वाचकाला स्वतः हिशेब करून लेखकाला तपासता येईल इतके आकडे कृतीत आहेत काय, हा दुसरा. आणि पात्रांचे चुकीचे अनुमान कथेच्या ओघातच दुरुस्त होते काय, हा तिसरा. पहिला निकष रचनेचा आहे, दुसरा वाचकसहभागाचा आणि तिसरा विज्ञानदृष्टीचा. शास्त्रीय माहितीची अचूकता यांत स्वतंत्र निकष म्हणून धरलेली नाही. ती इष्ट आहेच. परंतु साठ-सत्तर वर्षांत माहिती जुनी होते आणि तरीही काही कथा टिकून राहतात, याची उपपत्ती केवळ अचूकतेने लागत नाही.

मराठीतील व्हर्नच्या निरनिराळ्या अनुवादांची या निकषांवर मुळाशी ताडून तुलना करणे, हे पदव्युत्तर पातळीवरील अभ्यासकांना हाती घेण्याजोगे काम आहे. कोणता अनुवाद किती सरस, एवढ्यापुरता त्याचा उपयोग मर्यादित राहणार नाही. मराठी मुलाला लेखकाशी वाद घालता यावा इतकी सामग्री आपण त्याच्या हाती दिली किंवा नाही, हेही त्यातून कळू शकेल. ज्या कथेचे आकडे तिच्यासोबत मराठीत आले, ती वाचून झाल्यावर मूल वही-पेन्सिल घेऊन बसू शकते. जिचे आकडे वाटेत गळाले, ती आवडली तरी त्याला पुढची गोष्टच मागावी लागते.